भाऊसाहेबांच्याच शिफ्टला काटा का थांबतो?

साखर कारखान्यात कॉम्प्युटर विभाग असतो म्हटलं की लोकांना वाटतं, मॅडम एसीत बसून साखरेची पोती मोजत असतील. माझ्या सासूबाईंना तर मी नेमकं काय करते हे शेवटपर्यंत कळलं नाही. खरं सांगायचं तर पुष्कळ दिवस असे गेले, की ते मलाही कळत नव्हतं. निम्मी नोकरी मशीनच्या पंख्यांतून बगॅसचा भुसा काढण्यात गेली. ऊस पिळून उरलेला तो कोरडा चोथा हंगामभर हवेत तरंगतो आणि जिथे गारवा मिळेल तिथे येऊन बसतो. उरलेली निम्मी नोकरी, "मॅडम, काहीच केलं नाही, आपोआप झालं," हे वाक्य ऐकण्यात गेली. एका संचालकांनी शिर्डीहून उदी आणून सर्व्हरच्या कपाटावर ठेवायला दिली होती. मी ठेवली. मशीन बंद पडायचं काही कमी झालं नाही, पण बंद पडल्यावर मला बोलणं कमी झालं.

नगरहून एसटीने ये-जा करत मी या नोकरीत केस पांढरे केले. कारखान्याचं नाव सांगत नाही. जिल्ह्यात कारखाने भरपूर आहेत, वाचकांनी कोणताही समजावा. संपादकांनी "गमतीचे अनुभव लिहा" म्हणून सांगितलंय. हा अनुभव गमतीचा आहे असं मला बराच काळ वाटत होतं. आता तसं वाटत नाही, आणि का वाटत नाही हेही नीट सांगता येईल की नाही, शंकाच आहे.

आधी काट्याबद्दल. उसाने भरलेला ट्रॅक्टर कारखान्यात आला की आधी वजनकाट्यावर चढतो. भरलेलं वजन होतं. मग तो गव्हाणीत, म्हणजे ऊस आत ओढून नेणाऱ्या पट्ट्यावर, ऊस टाकतो आणि रिकामा परत काट्यावर येतो. दोन वजनांतला फरक म्हणजे शेतकऱ्याचा ऊस. वर्षभराचा घाम त्या एका आकड्यात. त्यामुळे कारखान्यात एक वेळ चेअरमनसाहेबांवर विश्वास ठेवतील, काट्यावर ठेवणार नाहीत. 'काटामारी', म्हणजे वजनात मारलेला ऊस, हा शब्द आमच्याकडे शाळेतल्या पोरांनाही माहीत असतो, आणि तो एकदा का माणसाला चिकटला की निघत नाही.

काट्याच्या केबिनमध्ये तीन क्लार्क आळीपाळीने बसत. त्यातले एक भाऊसाहेब. जवळच्याच गावचे, मिशी पिकलेली, आवाज कधी चढायचा नाही. गाडी चढली, आकडा स्थिर झाला की बटण दाबायचं, स्लिप फाडून खिडकीतून द्यायची आणि ड्रायव्हरला "राम राम" म्हणायचं, एवढं ते वर्षानुवर्षं करत आले होते. त्यांना काट्यावर आणलं होतं आमच्या शेतकी अधिकाऱ्यांनी. ऊसतोडणी, गाड्या, त्यांची रांग हे सगळं त्यांच्या ताब्यात. सगळे त्यांना शेतकीसाहेब म्हणत. दोघं एका शाळेत, एका बाकावर शिकलेले. पुढे एक अधिकारी झाला, एक क्लार्क, पण दोस्ती राहिली. "काट्यावर बसवायचा तर ज्याच्यासाठी मी शपथ घेईन असाच माणूस," असं शेतकीसाहेबांनी तेव्हा मीटिंगमध्ये सांगितलं होतं म्हणे.

त्या हंगामात काटा थांबायला लागला. स्क्रीनवरचा आकडा गोठायचा, बटण दाबलं तरी स्लिप यायची नाही. थोड्या वेळाने पुन्हा सगळं सुरळीत. पण तेवढ्यात इकडच्या गाड्या जुन्या, कॉम्प्युटर नसलेल्या काट्याकडे वळवाव्या लागत, रांग मोडे, मागची गाडी पुढे जाई. उसाला उन्हात ताटकळलेलं चालत नाही, तो सुकतो, वजन उतरतं. ड्रायव्हर लोक शिव्या घालायचे त्या वेगळ्याच.

हे सगळं व्हायचं ते फक्त भाऊसाहेबांच्या शिफ्टला.

त्यांची शिफ्ट सकाळची असो, दुपारची असो, काटा त्यांच्या मागोमाग फिरायचा. दुसरे दोघं बसले की गाय. भाऊसाहेब बसले की आडमुठा बैल. मग कुजबुज सुरू झाली. भाऊसाहेब मुद्दाम काटा अडवतात, रांग मोडली की त्यांच्या भावकीच्या गाड्या पुढे जातात. भावकी तर त्यांची होतीच, आणि गाड्याही होत्या. अशा वेळी पुरावा कोणी मागत नाही.

कार्यकारी संचालकांनी, म्हणजे आमच्या एमडीसाहेबांनी, मला बोलावलं.

"मॅडम, संचालक मंडळाच्या मीटिंगच्या आत कारण सापडलं तर ठीक. नाही सापडलं तर भाऊसाहेबांना काट्यावरून हलवावं लागेल."

"साहेब, मशीनचा दोष असेल तर त्यांना का हलवायचं?"

"मशीनला नातेवाईक नसतात," एमडी म्हणाले.

मी काट्यावर गेले. भाऊसाहेबांनी स्टूल पुढे सरकवलं.

"मॅडम, बदलीचं मला काय न्हाई. गोडाऊनला टाका, बॉयलरला टाका. पन काट्यावरनं काढलं म्हंजी गावात एकच बोलत्यात. माज्या पोराच्या तोंडावर बोलतील. त्याचा ऊस याच काट्यावर येतो."

"तुम्ही काय वेगळं करता का? बटण दोनदा दाबता, काही?"

"काय बी न्हाई. तुमी बसा हितं, बगा."

मी बसले. काटा थांबला. भाऊसाहेबांचे दोन्ही हात मांडीवर होते. मला काही म्हणजे काही कळलं नाही.

आता थोडं मशीनबद्दल सांगते, नाहीतर पुढचं समजणार नाही. आमच्या सर्व्हरवर लिनक्स होतं. ते युनिक्सच्या घराण्यातलं. त्या घराण्याची रीत अशी, की कुठलाही प्रोग्रॅम बारीकसारीक काम स्वतः करत नाही. तो एक पोर जन्माला घालतो, त्याला काम सांगतो, काम झालं की ते पोर संपतं. चाइल्ड प्रोसेस म्हणतात त्याला. गाडी काट्यावर चढली की वजनाचा प्रोग्रॅम एक पोर काढतो, ते मीटरकडून आकडा आणतं. भाऊसाहेबांनी बटण दाबलं की दुसरं पोर स्लिप छापतं. डोळ्याची पापणी लवते तेवढं त्यांचं आयुष्य. या सगळ्या जन्ममृत्यूंचा कारभार मशीनचा गाभा पाहतो. त्याला कर्नल म्हणतात. नगरला हा शब्द काढला की लोकांना लष्कराचा कॅम्प आठवतो, पण हा कर्नलही तसाच शिस्तीचा. एका खात्याच्या नावावर एका वेळी किती पोरं असावीत याची त्याची मर्यादा असते. मर्यादा भरली की तो सांगतो, आत्ता नाही, मागाहून या. शहाणा प्रोग्रॅम मागाहून येतो. आमचा वजनाचा प्रोग्रॅम एवढा शहाणा नव्हता. नकार मिळाला की तो तोंड फिरवून बसायचा. यालाच आम्ही काटा थांबला म्हणायचो.

इथवर मला लवकर समजलं. म्हणजे कोणीतरी भसाभस पोरं काढत होतं आणि घर भरून टाकत होतं. पण कोण? मी मशीनसमोर बसून पाहावं तर घर रिकामं. मोजकीच नेहमीची मंडळी निवांत बसलेली.

म्हणून मी दर काही क्षणांनी आपोआप हजेरी घेणारी एक छोटी स्क्रिप्ट लिहिली. आत्ता कोण कोण आहे, आत्ता कोण आहे, असं विचारत राहायचं. काही हाती लागलं नाही. दोन हजेऱ्यांच्या मधे पोर जन्मलं आणि मेलं, तर हजेरीला ते नव्हतंच. मग मी हजेरी आणखी भरभर घ्यायला लावली. अगदी श्वास न घेता.

आणि काटा गोरक्षच्या शिफ्टलाही थांबला. गोरक्ष म्हणजे दुसरा क्लार्क. त्याच्यानंतर तिसऱ्याच्याही.

भाऊसाहेब खूश. "आता कसं? आता गोरक्षबी मिळालाय का मला?"

एमडीसाहेबांनी नेमका तोच अर्थ काढला. "मॅडम, हे प्रकरण आता दोघा-तिघांचं दिसतंय."

मी डोकं धरून बसले. जे शोधायला मी निघाले होते ते वाढत चाललं होतं, आणि मी जितकं जास्त शोधत होते तितकं जास्त वाढत होतं. घरी भाजीत मीठ दोनदा पडलं. नवऱ्याने मुकाट्याने खाल्ली, त्यावरून माझ्या चेहऱ्याची कल्पना यावी. मग एसटीत बसल्या बसल्या लक्षात आलं. माझी स्क्रिप्ट हजेरी घ्यायला एक पोर काढत होती, त्यातली नावं चाळायला दुसरं, मोजायला तिसरं, आणि मधे क्षणभर थांबायलासुद्धा चौथं. तीही सगळी वजनाच्या प्रोग्रॅमच्याच खात्याच्या नावावर. मीच घर भरत होते. चोर पकडायला ठेवलेल्या पहारेकऱ्यांनीच घर धुऊन न्यावं तसलं हे. स्क्रिप्ट बंद केली. काटा पुन्हा फक्त भाऊसाहेबांच्या शिफ्टला थांबायला लागला, आणि त्यांचा चेहरा पुन्हा पडला.

दुसरा उपाय केला. एकेका प्रोग्रॅमच्या मानगुटीवर बसून त्याची प्रत्येक हालचाल बघायची सोय असते. वजनाच्या प्रोग्रॅमच्या मानगुटीवर बसले. त्याला धाप लागली. एकेक वजन इतकं रेंगाळायला लागलं की पाथर्डीकडचा एक ट्रॅक्टरवाला खाली उतरून खिडकीशी आला.

"बाई, ह्यो काटा हाय का काय हाय? बैलगाडीनं आलो असतो तर आदी माप झालं असतं."

"जरा तपासणी चालली आहे."

"तपासा की. पन आमचा ऊस वाळून वैरन व्हायच्या आत तपासा."

तेही बंद केलं. मीटिंग जवळ येत होती. शेतकीसाहेब मला रोज विचारायचे, "लागला का काही पत्ता?" त्यांचा चेहराही ओढलेला असायचा. मला वाटायचं, मित्राची काळजी आहे. होतीही.

तिसरा उपाय मला आधीच सुचायला हवा होता. आपण सारखं विचारत बसायचंच कशाला? जन्म-मरण कर्नलच्याच हाती आहे, तर त्यालाच सांगून ठेवायचं, की बाबा, पोर जन्मलं की निरोप धाड. पूर्वी गावात सुईणीला सांगून ठेवायचे तसं. दारोदार फिरायला नको, झोप मोडायला नको. बाळंतपण झालं की निरोप येणार. लिनक्समध्ये अशी सोय आहे. निरोप ऐकत बसणारा एकच छोटा प्रोग्रॅम ठेवायचा. तो स्वतः एकही पोर काढत नाही, निरोप येईपर्यंत गप्प पडून राहतो, मशीनला त्याचं ओझं कळतसुद्धा नाही. पुस्तकं चाळून, इंटरनेटवर शोधून मी तो बसवला.

भाऊसाहेबांची शिफ्ट सुरू झाली आणि माझ्या स्क्रीनवर निरोपांचा पाऊस पडला. मी आनंदाने पुढे वाकले आणि पुन्हा गोंधळले. निरोपात नाव नसतंच, नुसता नंबर असतो. अमक्या नंबरच्या आईला तमक्या नंबरचं पोर झालं. नाव शोधायला जावं तर तोवर पोर संपलेलं. शेकड्यांनी नंबर आणि एकाचाही चेहरा नाही. अर्धा दिवस मी त्या मेलेल्या पोरांच्या मागे धावले. चहा गार झाला. मग ट्यूब पेटली. पोरं गेली तर जाऊ देत, आई तर जागेवर आहे ना? सगळ्या निरोपांत आईचा नंबर एकच होता.

आई म्हणजे 'रांग' नावाचं पान. कारखान्याच्या आवारात कुठली गाडी कुठे उभी आहे, काट्यावर आत्ता कोण आहे, हे अधिकाऱ्यांना आपल्या कॉम्प्युटरवर किंवा मोबाईलवर दिसावं म्हणून हंगामाच्या सुरुवातीला एकाकडून ते करून घेतलं होतं. करणाऱ्याने दिवे लावले होते. कोणी ते पान उघडलं, की ते सतत ताजं होत राहायचं, आणि दर वेळी आवारातल्या प्रत्येक गाडीमागे पोरांचा एक घोळका काढायचं, तोही वजनाच्याच खात्यावर. गाड्या जास्त असल्या की घर भरलंच. पान मिटलं की सगळं शांत.

म्हणजे कोणीतरी ते पान उघडत होतं, आणि फक्त भाऊसाहेब काट्यावर असताना. एमडी म्हणाले, "मला कुठला वेळ?" आणि ते खरं असावं. पान कुठल्या कॉम्प्युटरवर उघडलंय ते आता शोधणं अवघड नव्हतं. मी शोधलं, दोनदा तपासलं, आणि शेतकी विभागाच्या ऑफिसात गेले.

शेतकीसाहेब टेबलाशी बसले होते. स्क्रीनवर 'रांग' उघडलेली. शेजारी मोबाईल उभा करून ठेवलेला, त्यावरही तेच.

"साहेब, हे जरा बंद करता?"

"का?"

"करा तर. मोबाईलवरचंही."

त्यांनी केलं. मी काट्यावर फोन लावला. "भाऊसाहेब, चालू आहे का?"

"आत्ता सुरू झालं बगा. मगापस्नं आडकून हुतं."

"साहेब, आता परत उघडा. दोन्हीकडे."

त्यांनी उघडलं. फोनमधून ट्रॅक्टरची घरघर ऐकू येत होती. मग भाऊसाहेबांचा आवाज आला, "आडाकलं, मॅडम."

शेतकीसाहेब माझ्याकडे पाहतच राहिले. "म्हणजे मी बघतोय म्हणून थांबतोय?"

"हो."

"अहो, पण तो थांबतोय म्हणून मी बघतोय ना."

"सुरुवातीला का बघत होतात?"

त्यांनी मोबाईल पालथा घातला. मग म्हणाले, "मी त्याच्यासाठी शपथ घेतलीय, मॅडम. त्याची भावकी मोठी. उद्या काही झालं असतं तर लोकांनी मलाच विचारलं असतं. म्हणून त्याच्या शिफ्टला जरा लक्ष ठेवायचो. त्याच्या भल्यासाठीच." त्यांनी पान बंद केलं, आणि मग कॉम्प्युटरच बंद केला. मला त्यांचा राग आला नाही. राग यायला हवा होता का, हे अजून ठरलेलं नाही.

एमडीसाहेबांना सगळं सांगितलं. ते म्हणाले, भाऊसाहेब निर्दोष, विषय संपला. 'रांग'चं पान मी नीट करून घेतलं, त्याचं खातं वेगळं केलं. पण त्याच्या आधी, एमडीसाहेबांच्या केबिनमधून निघाले ती तडक काट्याकडे. आवारातून जवळजवळ पळत गेले म्हणा ना. नोकरीत असे दिवस फार येत नाहीत.

भाऊसाहेब काम करता करता ऐकत होते. गाडी चढत होती, स्लिप निघत होती, गाडी उतरत होती, आणि मधल्या वेळात मी त्यांना पोरं, आई, कर्नल, सगळं रामायण सांगत होते. त्यांना त्यातलं किती कळलं देव जाणे.

"म्हंजी माजा काय दोष न्हाई."

"अजिबात नाही. शेतकीसाहेब पान उघडून बसायचे, म्हणून काटा थांबायचा."

"मग गोरक्षच्या शिफ्टला का न्हाई थांबायचा?"

हाच तर माझा पुरावा होता. मी मोठ्या उत्साहाने सांगितलं, "कारण तेव्हा साहेब बघतच नव्हते. फक्त तुमच्या शिफ्टला बघायचे."

पुढची गाडी काट्यावर येऊन थांबली. स्क्रीनवर आकडा आला, स्थिर झाला. भाऊसाहेबांनी बटण दाबलं नाही. ते स्क्रीनकडेच बघत होते. मी काय बोलले ते मला तेव्हा कळलं, आणि तोंडून गेलेलं परत घेता येत नाही.

"भाऊसाहेब, घ्या की वजन," ड्रायव्हर वरून ओरडला. "परत आडाकलं का?"

"न्हाई," भाऊसाहेब म्हणाले. "आता काय आडकत न्हाई."

त्यांनी बटण दाबलं. स्लिप फाडून खिडकीतून दिली. "राम राम" म्हणाले नाहीत. मग माझ्याकडे वळून, आवाज न चढवता म्हणाले, "मॅडम, तुमी माज्यासाटी लई केलं. आता अजून येक करा. मला गोडाऊनला टाकायला सांगा."

"अहो, पण आता कोणी तुम्हाला काढत नाहीये. नाव साफ झालं."

"व्हय. गावात साफ झालं." त्यांनी खिडकीबाहेर शेतकीसाहेबांच्या ऑफिसकडे पाहिलं. "मला इतके दिस वाटायचं, मशीनच खराब हाय. तेच बरं हुतं."

तेवढ्यात शेतकीसाहेब स्वतःच आवारातून काट्याकडे येताना दिसले. हसत होते, लांबूनच हात वर केला होता. भाऊसाहेब खुर्चीतून उठून उभे राहिले, क्लार्क अधिकाऱ्यासाठी उभा राहतो तसे.